ड्रुइड पात्र घडवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात मराठीतून डन्जन्स अँड ड्रॅगन्स (टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायचा पात्रांचा खेळ) खेळणारे ड्रुइड या पात्राबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे आहेत. २०२४ च्या सुधारित नियमांनी काय बदललं, ते प्रश्न १६ मध्ये पाहा. तुमच्या डीएमने (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) टेबलापुरता वेगळा नियम ठरवला असेल, तर तोच शेवटचा.

१. ड्रुइड म्हणजे नेमकं कोण? क्लेरिकपेक्षा वेगळा कसा?

निसर्गाकडून जादू मिळवणारा आणि प्राण्याचं रूप घेणारा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार. क्लेरिकसारखीच (देवाकडून जादू मिळवणारा क्लास) त्याची जादू विजडम या गुणावर चालते आणि तोही जखमा भरतो, पण त्याची खरी ताकद मैदान ताब्यात ठेवण्यात आहे. जमिनीतून वेली उगवून शत्रूला अडकवणं, काटे पसरवणं, धुकं आणणं, वीज पाडणं ही त्याची कामं. दुसऱ्या लेव्हलपासून (लेव्हल म्हणजे पात्राच्या प्रगतीची पायरी) वाइल्ड शेप, म्हणजे प्राणी होण्याची शक्ती मिळते (प्रश्न ९). एका फटक्यात प्रचंड डॅमेज हवा असेल, तर ड्रुइड निराश करेल.

२. मी पहिल्यांदाच खेळतोय. ड्रुइड घेऊ का?

घ्या, पण गृहपाठाची तयारी ठेवून. ड्रुइड अवघड वाटतो तो नियमांमुळे नाही. त्याच्या हातात एका वेळी फार गोष्टी असतात, म्हणून वाटतो. फायटरला आपल्या पाळीला काय करायचं ते माहीत असतं. ड्रुइडला अख्खी स्पेल लिस्ट (मंत्रांची यादी) खुली असते, वर प्राण्यांची यादी, आणि प्रत्येक प्राण्याचे आकडे वेगळे. टेबलावर बसल्यावर पुस्तक चाळायला सुरुवात केली, की बाकीचे चहा मागवतात. त्यामुळे तीन प्राणी आणि चार स्पेल कागदावर उतरवूनच खेळायला या. एवढं केलंत तर पहिल्या क्लाससाठी ड्रुइड उत्तम आहे, कारण स्पेल चुकीचे निवडले तरी दुसऱ्या दिवशी बदलता येतात.

३. त्यासाठी पुस्तक विकत घ्यावंच लागेल का?

सुरुवातीला नाही. एसआरडी ५.१ हा नियमसंग्रह जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहे. त्यात ड्रुइड क्लास, स्पेल आणि प्राण्यांचे आकडे आहेत. अडचण एवढीच, की सर्कल, म्हणजे ड्रुइडची शाखा (प्रश्न ११), फक्त लँडचं आहे. मून हवं असेल तर प्लेयर्स हँडबुक लागेल, स्वतःचं किंवा टेबलावरच्या कोणाचं. एसआरडीत वंशही मोजके आहेत. हिल ड्वार्फ आहे, वूड एल्फ नाही.

४. पहिल्या लेव्हलचं कॅरेक्टर शीट कसं भरायचं? क्रमाने सांगा.

उदाहरणादाखल सोनकी नावाची हिल ड्वार्फ ड्रुइड घेऊ.

आधी सहा ॲबिलिटी, म्हणजे पात्राचे मूळ गुण. ठरलेले आकडे १५, १४, १३, १२, १०, ८ असे असतात. पंधरा विजडमला, चौदा कॉन्स्टिट्यूशनला, तेरा डेक्स्टेरिटीला द्या. उरलेल्यांत बारा इंटेलिजन्सला, दहा करिश्माला आणि आठ स्ट्रेंग्थला. हिल ड्वार्फला कॉन्स्टिट्यूशन +२ आणि विजडम +१ मिळतात, म्हणजे दोन्ही १६ होतात आणि दोन्हींचा मॉडिफायर (फाशात मिळवायचा आकडा) +३. डेक्स्टेरिटी १३ म्हणजे +१.

मग एचपी (हिट पॉइंट्स, म्हणजे किती मार सोसता येतो). ड्रुइडचा हिट डाय डी८ (आठ बाजूंचा फासा), म्हणून पहिल्या लेव्हलला ८ अधिक कॉन मॉडिफायर ३, म्हणजे ११. हिल ड्वार्फला दर लेव्हलला एक जादा, म्हणून १२. पुढच्या प्रत्येक लेव्हलला सरासरी ५ + ३ + १ असे नऊ वाढतात. पाचव्या लेव्हलला ४८.

एसी (आर्मर क्लास, म्हणजे तुम्हाला हल्ला लागायला हवा असलेला आकडा): चामड्याचं चिलखत ११, अधिक डेक्स १, अधिक लाकडी ढाल २, असा १४. सुरुवातीच्या सामानात ढाल किंवा एक साधं शस्त्र यांपैकी निवड असते. ढालच घ्या. दुसऱ्या निवडीत सिमिटर किंवा साधं हाताचं शस्त्र मिळतं, तिथे क्वार्टरस्टाफ घ्या. त्याचं कारण प्रश्न ७ मध्ये.

स्पेल सेव्ह डीसी (तुमच्या स्पेलमधून वाचायला शत्रूला फाशावर गाठावा लागणारा आकडा) म्हणजे ८ + प्रोफिशियन्सी (सरावाची भर) २ + विजडम ३ = १३. स्पेल अटॅक +५. तयार स्पेलची संख्या विजडम मॉडिफायर अधिक लेव्हल, म्हणजे ३ + १ = ४. त्याशिवाय दोन कँट्रिप, म्हणजे स्लॉट न लागणारे साधे स्पेल. पहिल्या लेव्हलचे स्लॉट (स्पेल टाकायच्या संधी) दोनच. इथे नवखे हमखास गोंधळतात: चार स्पेल तयार असले, तरी लाँग रेस्टपर्यंत (रात्रभराची विश्रांती) दोनदाच स्लॉट खर्च करता येतो. कँट्रिप मात्र कितीही वेळा.

स्किल दोन निवडायची असतात. परसेप्शन सोडू नका, +५ मिळतो आणि पॅसिव्ह परसेप्शन (फासा न टाकता लागणारी चाहूल) १५ होतं. दुसरं सर्व्हायवल किंवा इनसाइट. नेचर मोह घालतं, पण ते इंटेलिजन्सवर चालतं, सोनकीला त्यात फक्त +३ येईल.

सेव्हिंग थ्रो (संकटातून वाचण्यासाठी टाकायचा फासा) इंटेलिजन्स आणि विजडम. हर्बलिझम किटची प्रोफिशियन्सी क्लासकडूनच मिळते. तुम्ही हर्मिट बॅकग्राउंड (पात्राची पार्श्वभूमी) घेतलंत तर तेच किट पुन्हा येतं. अशा वेळी एक टूल वाया घालवू नका, त्याऐवजी दुसऱ्या कोणत्याही टूलची प्रोफिशियन्सी घेता येते. शेवटी भाषांत ड्रुइडिक (ड्रुइडांची गुप्त भाषा) लिहायला विसरू नका. बरेच जण विसरतात आणि सहा महिन्यांनी डीएमने दगडावर खूण दाखवली की एकमेकांकडे बघत बसतात.

५. ड्वार्फ नको. दुसरा कोणता वंश चालेल?

वूड एल्फला डेक्स्टेरिटी +२, विजडम +१, वेग ३५ फूट आणि परसेप्शन फुकट मिळतं. फरबोल्ग विजडम +२ देतो आणि वृत्तीनेही अगदी ड्रुइड आहे. व्हेरियंट ह्युमनला पहिल्याच लेव्हलला फीट (जादा खास कौशल्य) मिळतो, लढताना जादू सांभाळणारा वॉर कास्टर घ्यायचा असेल तर तो चांगला. २०२० च्या जादा नियमपुस्तकाप्रमाणे डीएमने गुण हवे तिथे लावू दिले, तर कोणताही वंश चालतो. फक्त विजडम १६ पेक्षा कमी ठेवून सुरुवात करू नका. सेव्ह डीसी एकाने कमी म्हणजे प्रत्येक एन्टँगलमधून (वेलींनी अडकवणारा स्पेल) कोणीतरी निसटतं.

६. पहिल्या लेव्हलला कोणते स्पेल घ्यावेत?

कँट्रिपमध्ये एक मारायला, एक कामाला. मारायला प्रोड्यूस फ्लेम (३० फूट, डी८) किंवा काठीने भिडायचं असेल तर शिलेले. शिलेलेमुळे काठीचा मार स्ट्रेंग्थऐवजी विजडमवर जातो आणि डाय डी८ होतो. म्हणजे स्ट्रेंग्थ ८ असलेली सोनकीसुद्धा +५ ने मारते. कामाला गायडन्स. कोणाच्याही ॲबिलिटी चेकला (काम जमतं का ते ठरवणारा फासा) डी४ जोडता येतो. कुलूप उघडणारा, माग काढणारा, सौदा करणारा, सगळे तुमच्याकडे बघायला लागतात. गायडन्सलाही कॉन्संट्रेशन (स्पेल चालू ठेवायला लागणारं लक्ष, प्रश्न १५) लागतं, ते नजरेतून सुटतं.

स्लॉटच्या स्पेलमध्ये हीलिंग वर्ड तयार ठेवाच. त्यात डी४ + विजडम एवढंच भरतं, क्युअर वून्ड्समध्ये डी८. तरी हीलिंग वर्ड श्रेष्ठ, कारण तो बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतल्या मुख्य ॲक्शनशिवायची छोटी कृती) ६० फुटांवरून जातो. शून्यावर पडलेला मित्र एका एचपीनेही उठतो आणि आपली पाळी खेळतो. मात्र त्याच पाळीत दुसरा स्लॉटचा स्पेल टाकता येत नाही. ॲक्शनमध्ये कँट्रिप चालतो.

दुसरा एन्टँगल किंवा फेअरी फायर. एन्टँगल २० फुटांच्या चौकोनात, स्ट्रेंग्थ सेव्ह. फेअरी फायर २० फुटांच्या घनात, डेक्स सेव्ह. चुकलेल्या प्रत्येकावर तुमच्या सगळ्या गटाला ॲडव्हान्टेज (दोन डी२० टाकून मोठा आकडा धरणं) मिळतो, अदृश्य शत्रूही उजळतो. पार्टीत (खेळाडूंच्या गटात) तिरंदाज आणि रोग (चोर-हेरांचा क्लास) जास्त असतील तर फेअरी फायर. समोरून आडदांड टोळी धावत येणार असेल तर एन्टँगल, पण त्यांचीच स्ट्रेंग्थ जास्त असते हे लक्षात ठेवा. दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत (प्रश्न १५).

तिसरा गुडबेरी. दहा बोरं, प्रत्येकाने एक एचपी आणि दिवसभराचं पोट भरतं, २४ तास टिकतात. रात्री झोपण्यापूर्वी उरलेला स्लॉट गुडबेरीत घातला, की सकाळी स्लॉट परत आणि बोरं खिशात. काही डीएमना ही युक्ती खटकते, आधी विचारून घ्या.

चौथा तुमच्या मर्जीचा. थंडरवेव्ह (१५ फुटांचा घन, २डी८ म्हणजे दोन डी८) गर्दीत अडकल्यावर कामी येतो, पण आवाज ३०० फुटांपर्यंत जातो. चोरून चाललेल्या गटाने त्यावर ड्रुइडला बोलणी घातलेली आहेत. स्पीक विथ ॲनिमल्स आणि डिटेक्ट मॅजिक रिच्युअल म्हणून दहा मिनिटं जादा घालवून स्लॉटशिवाय टाकता येतात, मात्र ते तयार स्पेलच्या यादीत असावे लागतात.

७. एका हातात ढाल, दुसऱ्या हातात काठी. मग जादू कोणत्या हाताने?

लाकडी स्टाफ हाच ड्रुइडिक फोकस (जादूचं माध्यम) असू शकतो आणि तोच क्वार्टरस्टाफ म्हणूनही चालतो. ज्या स्पेलला मटेरियल, म्हणजे साहित्य लागतं (गुडबेरी, शिलेले, थॉर्न व्हिप), त्याचे हातवारे फोकस धरलेल्या हातानेच करता येतात. गोम आहे ती हातवारे लागणाऱ्या पण मटेरियल नसणाऱ्या स्पेलची: एन्टँगल, क्युअर वून्ड्स, थंडरवेव्ह, प्रोड्यूस फ्लेम. काटेकोर नियमाने त्यांना रिकामा हात हवा. हीलिंग वर्ड आणि फेअरी फायर फक्त तोंडी आहेत, त्यांना काहीच अडत नाही. उपाय सोपा आहे, काठी खाली टाका. टाकायला ॲक्शन लागत नाही, आणि पुढच्या पाळीत वस्तू हाताळण्याच्या फुकट संधीत ती उचलता येते. ढालीचं तसं नाही, ती चढवायला आणि उतरवायला पूर्ण ॲक्शन लागते. वॉर कास्टर फीट घेतला की हा प्रश्नच मिटतो.

८. ड्रुइडने धातूचं चिलखत घातलं तर काय होतं?

काहीच होत नाही. जादू जात नाही, शिक्षाही नाही. नियमात लिहिलंय की ड्रुइड धातूचं चिलखत किंवा ढाल वापरणार नाहीत. ही त्यांची निष्ठा आहे, शारीरिक अडचण नाही. त्यामुळे ‘माझा ड्रुइड मोडतो’ म्हणायचं असेल तर डीएमशी बोलून गोष्टीत त्याचा काही परिणाम ठरवा, निव्वळ एसीसाठी नको. धातूची शस्त्रं चालतात, सिमिटर तर सुरुवातीच्या सामानातच आहे. चामड्यावर खिळे ठोकलेलं स्टडेड लेदर (१२ + डेक्स, ४५ गोल्ड) सर्रास चालवून घेतात. दहा गोल्डचं हाइड म्हणजे १२ + डेक्स, जास्तीत जास्त +२. सोनकीसारख्या कमी डेक्सवाल्यांना हाइडच परवडतं, तिचा एसी लगेच १५ होतो.

९. वाइल्ड शेप नेमकं कसं चालतं?

दुसऱ्या लेव्हलला सुरू. एक ॲक्शन खर्चून प्राणी व्हायचं. दोन वेळा वापरता येतं, शॉर्ट (छोट्या) किंवा लाँग रेस्टनंतर दोन्ही परत. रूप टिकतं लेव्हलच्या निम्मे तास: दुसऱ्या लेव्हलला एक तास, सहाव्याला तीन. बोनस ॲक्शनने हवं तेव्हा परत फिरता येतं.

मर्यादा लेव्हलनुसार सैलावतात. दुसऱ्या लेव्हलला चॅलेंज रेटिंग (प्राणी किती भारी आहे त्याचा आकडा) १/४ पर्यंत, पोहण्याचा किंवा उडण्याचा वेग असलेला प्राणी नाही. चौथ्याला १/२ पर्यंत, पोहणं चालतं. आठव्याला १ पर्यंत, उडणंही.

प्राण्याची स्ट्रेंग्थ, डेक्स, कॉन, एसी, वेग, हल्ले आणि एचपी घ्यायचे. इंटेलिजन्स, विजडम, करिश्मा, स्किल आणि सेव्हच्या प्रोफिशियन्सी तुमच्याच राहतात. म्हणजे लांडगा झालेल्या सोनकीचं परसेप्शन लांडग्याचं +३ नाही, तिचं स्वतःचं +५. वासावर मिळणारा ॲडव्हान्टेज वर.

प्राणी तुमच्या पात्राने पाहिलेला असावा लागतो. तुमच्या पात्राने, तुम्ही नाही. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात तुम्ही पाहिलेला वाघ इथे धरला जात नाही. पात्र कुठे वाढलं ते आधी लिहून ठेवा, म्हणजे यादीवरून डीएमशी वाद होत नाहीत.

१०. सुरुवातीला कोणते प्राणी ठेवावेत? आणि सापाचं रूप दुसऱ्या लेव्हलला का मिळत नाही?

लांडगा लढाईला: एसी १३, एचपी ११, चावा +४ ने २डी४+२, सोबती शत्रूच्या शेजारी उभा असेल तर ॲडव्हान्टेज, आणि शत्रू डीसी ११ च्या स्ट्रेंग्थ सेव्हला चुकला तर आडवा. बिबट्यासाठी पँथरचे आकडे वापरा: एचपी १३, वेग ५०, चढायला ४०, स्टेल्थ +६. रानडुक्कर दिसायला साधं, पण शून्यावर नेणारा फटका सात किंवा कमी डॅमेजचा असेल तर एकदा ते एका एचपीवर तग धरून राहतं. हेरगिरीला मांजर किंवा उंदीर, आणि भिंती चढायला कोळी.

साप लहान, विषारी, चॅलेंज रेटिंग १/८, तरी अडतो, कारण त्याला पोहण्याचा वेग लिहिलेला आहे. बेडकाचंही तेच. चौथ्या लेव्हलपर्यंत थांबा. शेकरूचे वेगळे आकडे नाहीत. झाडावर चढणारा चॅलेंज रेटिंग शून्याचा एखादा छोटा प्राणी घ्या आणि वर्णन शेकरूचं करा. आकडे तेच ठेवलेत तर कोणताही डीएम हरकत घेणार नाही.

११. सर्कल ऑफ द लँड की मून?

पुढे होऊन अंगावर मार घ्यायचा असेल तर मून, मागे राहून जादू करायची असेल तर लँड. मूनवाल्यांना बोनस ॲक्शनमध्ये रूप घेता येतं आणि दुसऱ्याच लेव्हलला चॅलेंज रेटिंग १ पर्यंत जाता येतं. तपकिरी अस्वल ३४ एचपी आणि दोन हल्ले, डायर वुल्फ ३७ एचपी. दोनदा वापर, म्हणजे शॉर्ट रेस्टपूर्वी ६८ किंवा ७४ एचपीची भिंत. बाकी पार्टी तेव्हा पंधरा-वीस एचपीवर असते. दुसरी ते चौथी लेव्हल मून ड्रुइड टेबलावर राज्य करतो. पाचव्याला फायटरला दुसरा हल्ला मिळतो आणि अस्वल तिथंच राहतं. सहाव्याला रेटिंग २ होतं (लेव्हल भागिले तीन) आणि नैसर्गिक हल्ले जादुई धरले जातात. मूनलाही पोहण्या-उडण्याची मर्यादा लागूच आहे, त्यामुळे पोहणारा जायंट टोड चौथ्यापूर्वी नाही. हत्ती रेटिंग ४ चा, म्हणजे बारावी लेव्हल.

लँडला एक जादा कँट्रिप मिळतो, शॉर्ट रेस्टमध्ये दिवसातून एकदा एकूण लेव्हलची बेरीज तुमच्या लेव्हलच्या निम्मी (वर पूर्ण करून) होईल एवढे स्लॉट परत येतात, आणि तिसऱ्या लेव्हलपासून प्रदेशाचे स्पेल तयार यादीबाहेर फुकट मिळतात. पहिल्यांदा खेळणाऱ्याला आम्ही लँडच सुचवतो. मून सोपं वाटतं, पण दर दोन-तीन लेव्हलना नवे प्राणी, नवे आकडे, आणि रूपात असताना स्पेल बंद. शिवाय अस्वलाचा एसी ११ आहे, मार बसतोच बसतो.

१२. कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी गोष्ट) सह्याद्रीसारख्या प्रदेशात आहे. लँडचा कोणता प्रदेश घ्यावा, आणि सर्कल कसं रंगवावं?

भीमाशंकरसारखं दाट रान असेल तर फॉरेस्ट, घाटमाथ्याचे कडे असतील तर माउंटन, सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यासारखी चिंकारांची माळरानं असतील तर ग्रासलँड, आणि पात्र घाटाखालून कोकणातून आलं असेल तर कोस्ट. नुसतं फायद्याचं बघायचं तर कोस्ट तिसऱ्याला मिस्टी स्टेप देतो, ग्रासलँड पाचव्याला हेस्ट, माउंटन पाचव्याला लायटनिंग बोल्ट. हे स्पेल ड्रुइडला एरवी मिळत नाहीत. फॉरेस्टची यादी मात्र बरीचशी ड्रुइडच्याच स्पेलची आहे. निवडताना हळहळ वाटते, पण बाहेरचा स्पेल म्हणावा तर तिसऱ्याचा स्पायडर क्लाइंब आणि सातव्याचा डिव्हिनेशन, बस.

सर्कल रंगवायला देवराई घ्या, युरोपातल्या ओकच्या बनाची गरज नाही. देवाच्या नावाने राखलेलं रान, जिथे कुऱ्हाड चालत नाही आणि बऱ्याच ठिकाणी पडलेली काटकीही घरी नेत नाहीत. वि. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, त्यामुळे वाचायलाही भरपूर आहे. खेळासाठी त्यातून तीन गोष्टी ठरवून घ्या: राईचा एक कडक नियम, तो मोडणारा एक माणूस, आणि राई राखणारं गाव ड्रुइडला काय देतं. नियम ‘इथलं लाकूड जाळायचं नाही’ असा असेल आणि पावसाळ्यात पार्टी राईत अडकली, तर डीएमला त्या संध्याकाळी दुसरं काही शोधावं लागणार नाही. जुन्नरकडच्या उसात राहणाऱ्या बिबट्यांसारखा प्रश्न दिलात तर आणखी चांगलं, कारण तिथे गावकरीही चूक नाहीत आणि जनावरही नाही. फोकस म्हणून नियमातली मिसलटोची फांदी हवी असेल, तर आंब्यावरचं बांडगूळ शोभतं.

१३. प्राणी असताना बोलता येतं का? अंधारात दिसतं का? सामानाचं काय होतं?

बोलता येत नाही, पण कळतं सगळं. स्पेल टाकता येत नाहीत. पंजा-खुरांनी कडी काढणं, बाटली उघडणं जमतं का, ते प्राण्याच्या अवयवांवर. माकड करेल, रानडुक्कर नाही. औषधाची बाटली मित्राने ॲक्शन खर्चून पाजायची.

अंधारात दिसणं ही मोठी फसगत आहे. तुमच्या वंशाची डार्कव्हिजन रूप बदलल्यावर जाते, नव्या प्राण्याला असेल तरच राहते. २०१४ च्या पुस्तकात लांडग्याला नाही, पँथरला नाही, आणि कहर म्हणजे मांजरालाही नाही. रात्रीच्या हेरगिरीला उंदीर (३० फूट) किंवा जायंट वुल्फ स्पायडर (६० फूट) घ्या.

सामान खाली पडेल, रूपात विरघळेल की अंगावर राहील, हे तुम्ही ठरवता. विरघळलेलं सामान रूप जाईपर्यंत काम करत नाही, म्हणून ढालीचे +२ अस्वलाला मिळत नाहीत. अंगावर ठेवलेलं प्राण्याला बसतं की नाही, ते डीएम ठरवतो.

१४. प्राण्याचे एचपी शून्यावर गेले तर मी मरतो का?

नाही, मूळ रूपात परत येता, रूप घेण्यापूर्वीच्या एचपीवर. फक्त उरलेला डॅमेज तुमच्यावर येतो. लांडग्याचे तीन एचपी शिल्लक असताना दहाचा फटका बसला, तर सात तुमचे कमी होतात. तुमचेही तेवढेच किंवा कमी असतील तर बेशुद्ध. म्हणून एक एचपीवर असताना मांजर होऊन पळणं धोक्याचं, मांजराला दोनच एचपी असतात.

१५. रूपात असताना कॉन्संट्रेशन राहतं का?

राहतं, आणि इथेच ड्रुइडची खरी मजा आहे. आधी स्पेल टाका, मग रूप घ्या. तुम्ही लांडगा होऊन चावत असताना एन्टँगल चालूच राहतो. पाचव्या लेव्हलला मिळणारा कॉल लायटनिंग आधीच टाकलेला असेल, तर अस्वल असतानाही ॲक्शन खर्चून वीज पाडता येते, कारण तो नवा स्पेल नव्हे.

डॅमेज बसला की कॉन सेव्ह: डीसी १० किंवा डॅमेजच्या निम्मा, जो मोठा तो. मॉडिफायर प्राण्याचा धरायचा, तपकिरी अस्वलाचा +३. ड्रुइडच्या लिस्टमधला निम्मा चांगला माल कॉन्संट्रेशनचा आहे आणि एका वेळी एकच चालतो. तयार यादीत असे दोनच ठेवा, नाहीतर बाकीचे नुसते शोभेला. चौथ्या लेव्हलला विजडम १८ करायचं की वॉर कास्टर घ्यायचा, यावर मतं दोन आहेत. पुढे उभे राहत असाल तर वॉर कास्टर.

१६. २०२४ च्या नियमांत काय बदललं?

बरंच. सर्कल आता तिसऱ्या लेव्हलला. पहिल्या लेव्हलला प्रायमल ऑर्डर निवडायची: मॅजिशियनला जादा कँट्रिप, वॉर्डनला मार्शल शस्त्रं आणि मीडियम चिलखत. धातूची बंदी गेली. गुण वंशाऐवजी बॅकग्राउंडवरून मिळतात. ड्रुइडसाठी गाइड, हर्मिट आणि फार्मर हे तिन्ही विजडम वाढवणारे. क्युअर वून्ड्स २डी८, हीलिंग वर्ड २डी४.

वाइल्ड शेप सगळ्यांनाच बोनस ॲक्शनमध्ये. ठरावीक रूपं पाठ: दुसऱ्या लेव्हलला चार, लाँग रेस्टला एक बदलता येतं. पोहण्याची बंदी नाही, त्यामुळे साप चालतो. शॉर्ट रेस्टला एकच वापर परत. मुख्य म्हणजे प्राण्याचे एचपी मिळत नाहीत. स्वतःचेच राहतात, वर लेव्हलइतके टेम्पररी (तात्पुरते) एचपी, मूनला लेव्हलच्या तिप्पट. मूनचा एसी निदान १३ + विजडम होतो आणि सर्कलचे स्पेल रूपातही टाकता येतात. एसआरडी ५.२ (एप्रिल २०२५) मध्ये हा ड्रुइड मोफत आहे, पुन्हा लँडसहच.

१७. बार्बेरियन आणि मून ड्रुइड एकत्र केलं तर?

चालतं, आणि काही लेव्हल भयानक चालतं. अस्वल रेजमध्ये (बार्बेरियनचा लढाऊ संताप) असताना शस्त्रांचा मार निम्मा बसतो, म्हणजे ३४ एचपी अडुसष्टासारखे वागतात. पण स्ट्रेंग्थ आणि विजडम दोन्ही किमान १३ हवेत, म्हणजे सोनकीच्या आठ स्ट्रेंग्थला दार बंद. रेजमध्ये स्पेलही नाहीत आणि कॉन्संट्रेशनही नाही, म्हणजे प्रश्न १५ ची सगळी मजा गेली. कॅम्पेन पाचव्या-सहाव्या लेव्हलला संपणार असेल तरच करा.

१८. कॉन्ज्युअर ॲनिमल्सने टेबल अडकतं. काय करावं?

२०१४ चा हा स्पेल रेटिंग १/४ चे आठ प्राणी आणू शकतो. आठ लांडगे ॲडव्हान्टेजने म्हणजे सोळा डी२०, आणि मग डॅमेज. किती आणि कोणत्या रेटिंगचे ते तुम्ही निवडता, प्राणी कोणते ते डीएम. दोनच आणायचे असं आधीच ठरवा, किंवा सगळ्यांचे डी२० एकदम टाका आणि डॅमेजला सरासरी धरा (लांडग्याचा ७). आकडे छापून आणा, झेरॉक्सच्या दुकानात एका पानात सहा प्राणी बसतात. फाशांच्या सातच्या संचाला जोड म्हणून एक डी४, एक डी६ जादा ठेवा. लांडग्याला २डी४ आणि अस्वलाच्या पंजाला २डी६ लागतात.

१९. ड्रुइड शाकाहारीच असावा लागतो का? शहरात चालतो का?

असं नियमात कुठेही नाही. लांडग्याच्या रूपात चावा घेतल्यावर तर तो मुद्दाच उरत नाही. अलाइनमेंटचं (पात्राचा नैतिक कल) बंधनही पाचव्या आवृत्तीत नाही. जुन्या आवृत्त्यांत न्यूट्रलची अट होती, ती ऐकीव म्हणून अजून फिरते. शहरात येऊन प्रत्येक भिंतीवर नाक मुरडणारा ड्रुइड मात्र तिसऱ्या सेशनला सगळ्यांना नकोसा होतो. त्याला शहरात एखादं कारण द्या: नदी, जुना वड, कोणाकडे असलेली उधारी.

२०. अर्ध्या कॅम्पेनमध्ये टेबल २०२४ वर जायचं ठरलं. माझ्या पाचव्या लेव्हलच्या ड्रुइडचं काय करू?

वंशाचे गुण आहेत तसेच ठेवा, बॅकग्राउंडचे वर लावू नका, नाहीतर दुप्पट होतात. तयार स्पेलची संख्या आता तक्त्यावरून येते. पाचव्याला नऊ, म्हणजे विजडम १८ असेल तर जुन्याइतकीच. प्रायमल ऑर्डर निवडा. अंगावर हाइड असेल तर वॉर्डनच, कारण मॅजिशियनला मीडियम चिलखत येत नाही. सहा रूपं लिहून काढा. मूनवाल्यांनी खेळण्याची पद्धतच बदलावी: पूर्वी अस्वलाचे ३४ एचपी झेलायला होते आणि एसी ११, आता टेम्पररी १५ आणि एसी १७. स्लॉट खर्चून रूपात एचपी भरायची जुनी सोय गेली, त्याऐवजी क्युअर वून्ड्स रूपातच टाकता येतो. आणि प्राण्यांचे जुने कागद फेका. नव्या पुस्तकात आकडे बदललेत, दोन पुस्तकांतलं एकेक पान वापरत राहिलं की दर लढाईत वाद होतो.